ऐकलं, सही नाही, पाणी दिलं

आमच्या शहाद्याच्या शाखेतून नकार पोस्टानं जात नसे. नियम तसा नव्हता. उलट, दावा नामंजूर झाल्याचं पत्र रजिस्टर पोस्टानं पाठवावं आणि पावती फाइलला लावावी, असं वरच्या कार्यालयानं स्वच्छ कळवलेलं होतं. आबांनी ते पत्र दोनदा वाचलं, उलटं करून त्याच्या कोऱ्या बाजूवर शेंगदाणे ओतले, ते खात खात मोपेडची किल्ली शोधली आणि त्या दिवशीचं नामंजुरीचं पत्र शर्टाच्या खिशात घालून स्वतःच द्यायला निघून गेले. माझा नोकरीचा तो दुसरा दिवस होता.

मी लोणखेड्याच्या कॉलेजातून संख्याशास्त्र घेऊन पदवीधर झाले होते. विमा कंपनीत प्रशिक्षणार्थी म्हणून निवड झाली तेव्हा वडिलांनी गल्लीत पेढे वाटले. पुण्यात तीन आठवडे थंडगार हॉलमध्ये बसवून आम्हाला जोखीम, संभाव्यता आणि ग्राहकाशी हसून कसं बोलावं हे शिकवलं. मग नेमणुकीचं पत्र आलं, ते घरापासून रिक्षानं दहा मिनिटांवरच्या शाखेचं. खताच्या दुकानाच्या माडीवर दोन खोल्या, जिन्यात बारा महिने युरियाचा वास. तिथं मला आबांच्या हाताखाली दिलं.

आबांचं काम दावे तपासण्याचं. बैल मेला, गोठा जळाला, विहिरीवरची मोटर गेली की जाऊन बघायचं आणि अहवाल लिहायचा. आबा हे काही त्यांचं नाव नव्हे, पण पगारपत्रक सोडलं तर खरं नाव कुठंच चालत नसे. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत जनावरांच्या कानात बिल्ला ठोकायचा चिमटा, कोरे अर्ज आणि शेंगदाणे. चिमट्याचं तेल शेंगदाण्यांना लागायचं. त्यांना ते चालायचं, मला हळूहळू चालायला लागलं.

ज्याचा दावा मंजूर होई त्याच्या घरी आबा फिरकत नसत. पैसे बँकेत गेले की मोबाइल वाजतोच, मग माझं काय काम, असं म्हणत. मंजूर झालेले लोक रस्त्यात गाठून चहाचा आग्रह करायचे, तर हे मोपेड न थांबवता नुसता हात हलवायचे. नामंजूर झालेल्याच्या घरी मात्र जाऊन बसायचे. त्यामुळे गावात त्यांची मोपेड शिरली की ओट्यावरच्या बाया एकमेकींना विचारायच्या, "कोना घर नकार ऊना वं?"

त्यांची पद्धत ठरलेली होती. खुर्ची दिली तरी घ्यायची नाही, ओट्यावर नाहीतर जमिनीवर बसायचं. आधी पत्रातलं छापील मराठी वाक्य जसंच्या तसं वाचायचं, मग तेच अहिराणीत सांगायचं. मग गप्प बसायचं. समोरचा ओरडला तर ओरडू द्यायचं. आणि पाणी विचारेपर्यंत किंवा "चालता हो" म्हणेपर्यंत उठायचं नाही. पत्र पोचल्याची सही कोणी देत नसे, कारण सही दिली की आपण कबूल झालो असं लोकांना वाटे. आबा आग्रह करत नसत. गाडीपाशी आल्यावर सीटवर कार्यालयाची प्रत ठेवून स्वतःच लिहायचे, 'ऐकलं. सही नाही. पाणी दिलं.' कधी 'ऐकलं. सही नाही. शिव्या. मग चहा.' एकदा वरून तपासनीस आले. त्यांनी फायली चाळल्या आणि मला बाजूला घेऊन विचारलं की हे 'पाणी दिलं' म्हणजे शाखेतलं कुठलं खातं आहे.

तापीकाठच्या एका बड्या गुजर शेतकऱ्याची गोष्ट आबा स्वतः सांगत नसत, पण ती तालुक्याला पाठ होती. त्याची विहिरीवरची मोटर जळाली होती, ती आगीनं नव्हे तर व्होल्टेजनं, आणि पॉलिसी आगीची. आबा नकार घेऊन दुपारी बाराला मळ्यात पोचले. केळीचा ट्रक भरणं चालू होतं. मालकानं ऐकून घेतलं आणि पाठ फिरवली. ना शिवी, ना पाणी. आबा केळीच्या पानांच्या ढिगावर बसले. ट्रक भरला, गेला, दुसरा आला, तोही भरला. मजुरांची जेवणं झाली. आबा बसलेलेच. शेवटी दिवस कलल्यावर मालकाची म्हातारी आई पेला घेऊन आली आणि "लो भाई, छाश पीओ," म्हणाली. प्रतीवर नोंद आहे, 'ऐकलं. सही नाही. ताक.' मी ती फाइल स्वतः पाहिली आहे, आणि तो मालक पुढच्या वर्षीही विमा आमच्याकडेच काढत होता हेही पाहिलं आहे.

आबांची दुसरी खोड म्हणजे हात लावणं. जळक्या भिंतीला हात, मेलेल्या जनावराच्या कानाला हात, मोटरच्या काळ्या तारांना हात. मी वहीत भराभर टिपणं घ्यायला लागले की म्हणायचे, "मॅडम, आधी हात लावा. हात लावल्याशिवाय लिहायचं नाही." मी त्यांच्या मुलीच्या वयाची, पण कार्यालयात त्यांनी मला पहिल्या दिवसापासून मॅडमच म्हटलं. मोपेड सुरू झाली की मात्र मराठी संपायची आणि मॅडमही.

पुनर्विमा म्हणजे काय, हे पुण्यात मला दोन दिवस आकृत्या काढून शिकवलं होतं. धडगावच्या घाटात आबांनी ते एका वळणावर सांगून टाकलं. समोरून वडापची जीप येत होती, आत, टपावर, मागच्या शिडीवर माणसंच माणसं. "दख, एकच जीपमा सगळं गाव बठाडं. जीप गयी की गाव गयं. अर्धा लोक दुसरी जीपमा बठाडना व्हतात. आपली कंपनी तेच करस. आपला अर्धा भार दुसरा मोठा कंपनीना गाडीमा. हाई झाया तुन्हा पुनर्विमा." मग जीप बाजूनं गेल्यावर म्हणाले, "पन त्या दुसरी जीपना डायव्हरले आपला एक बी मानूस वळखीना नसस."

आता श्रावणाचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

विमा उतरवला की बैलाच्या कानात आम्ही पिवळा प्लॅस्टिकचा बिल्ला ठोकतो. त्यावर नंबर असतो. बैल मेला तर बिल्ला कानात असलेला आमच्यापैकी कोणीतरी बघायचा, नाहीतर दावा नाही. अट एवढी साधी. अडचण पोळ्याची. पोळ्याला शिंगं रंगवतात, बेगड लावतात, झूल घालतात, आणि एवढ्या थाटात कानात तो पिवळा बिल्ला पाहिला की आमच्याकडच्या माणसाचं डोकं फिरतं. वर्षातून एक दिवस बैल देव होतो, आणि देवाच्या कानात कंपनीचा नंबर? कात्री घेतात आणि बिल्ल्याची दांडी कापतात. बिल्ला एकदा कापला की परत बसत नाही. त्याच दिवशी बैलाला पुरणपोळ्या चारतात, ज्याला जेवढ्या प्रेमानं जमेल तेवढ्या. दुसऱ्या दिवशी पोटं फुगतात. पोळ्यानंतरच्या आठवड्यात आमच्या जिन्यात जी रांग लागायची, तिच्यातल्या निम्म्या लोकांच्या बैलांच्या कानात नुसतं भोक असायचं.

यावर आबांनी उपाय काढला होता. श्रावण लागला की ते बाजारातून लाल लोकर आणायचे आणि कार्यालयात बसून गोंडे करायचे. गोंडा बिल्ल्याच्या तोंडावर बांधला की पिवळं दिसत नाही, बैल सजल्यासारखा वाटतो आणि बिल्ला कानात राहतो. गावोगाव फिरून ते गोंडे फुकट वाटायचे. माझ्या पदवीचा पहिला उपयोग असा झाला की मी महिनाभर लाल लोकरीचे गोंडे वळले. बांधायचा दुहेरी फास आबांनीच शिकवला. माझे पहिले दहा-बारा गोंडे त्यांनी सोडवून परत करायला लावले.

एवढं करूनही त्या वर्षी कात्री चाललीच. माझ्या वाट्याला आलेलं पहिलं प्रकरण एका एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईचं होतं. तिच्याकडे गोंडा पोचलाच नव्हता. बैल पोळ्याच्या दुसऱ्या सकाळी मेलेला. बिल्ला तिनं आत देव्हाऱ्यात वाटीमध्ये ठेवला होता, हळदकुंकू वाहून. तिनं तो माझ्या हातात इतक्या विश्वासानं दिला की तो पाकिटात घालून मी तशीच निघाले. कार्यालयात येऊन मी अहवालात लिहिलं, 'बिल्ला कानात आढळला.'

आबांनी अहवाल वाचला, पाकिटातला बिल्ला काढून उजेडात धरला आणि विचारलं, "मॅडम, कानातल्या बिल्ल्याला कुंकू कोण लावतं?"

रागावले नाहीत. अहवाल फाडला, नवा कागद दिला, आणि दोन दिवसांनी नामंजुरीचं पत्र वाचायला मलाच मागे बसवून घेऊन गेले. मी छापील वाक्य वाचलं, मग अहिराणीत सांगितलं. म्हातारी ऐकत होती. रडली नाही. फक्त म्हणाली, "म्हनजे मी तो देव्हारामा ठेवा, हाई चूक व्हयनी का?"

आबा म्हणाले, "ठेवा हाई चूक नई माय. काढा हाई चूक."

तिनं पाणी दिलं. परत येताना मी मोपेडवर रडले, आणि आबांचा मला मनापासून राग आला. एक ओळ खोटी लिहून कुणाचं काय बिघडणार होतं? मी तसं बोलूनही दाखवलं. त्यांनी गाडी थांबवली, शेंगदाणे पुढं केले. "आज हिले होय म्हनाले खोटं लिखशी. उद्या कोनले नई म्हनाले खोटं लिखाले लावतीन. तैं काय करशी? हात तं तोच शे." मी शेंगदाणे घेतले नाहीत. घरी गेल्यावर भूक लागली तेव्हा वाटलं, घेतले असते तर बरं झालं असतं.

दोन वर्षांनी आबा निवृत्त झाले. निरोपाला शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली. आबांनी दोन वाक्यांत भाषण उरकलं, चिमटा माझ्या टेबलावर ठेवला आणि गेले. लोणखेड्याच्या पुढे त्यांची चार एकर कापूस-ज्वारी होती. निवृत्तीचे पैसे आले त्यातून त्यांनी बैलजोडी घेतली आणि विमा आमच्याकडेच उतरवला. बिल्ले मीच ठोकले. आबा बैलाच्या कपाळाला कपाळ लावून उभे होते, बैलाला दुखलं तेव्हा त्यांनीच डोळे मिटले. नोकरीत असताना त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

त्याच वर्षी पोळ्याच्या तिसऱ्या दिवशी कार्यालयात अर्ज आला. अक्षर पाहूनच मी उठून उभी राहिले. डावीकडचा बैल पोट फुगून गेला होता. अर्जात त्यांच्या ठसठशीत अक्षरात होतं, 'बिल्ला कानात आहे.'

मी लगेच निघाले. बैल बांधावरच्या निंबाखाली पडला होता, शिंगांवरचा रंग ताजाच. कानात बिल्ला होता, त्यावर लाल गोंडा. आबा माझ्याकडे पाठ करून कपाशीकडे बघत उभे होते. मी फोटो काढले. फोटोत सगळं व्यवस्थित दिसत होतं आणि मी तेवढ्यावर परत फिरू शकले असते. पण गोंडा चुकीच्या जागी होता. तो बिल्ल्याच्या तोंडावर असायला हवा, पिवळं झाकण्यासाठी. इथं पिवळं उघडं होतं आणि गोंडा मागं, कानाच्या जोडावर. मी वाकून हात लावला, गोंडा उचलला. खाली दांडी कात्रीनं साफ कापलेली होती. कानाच्या भोकातून लोकर दोनदा ओवून बिल्ला बांधून बसवला होता. फास दुहेरी होता.

मी गोंडा खाली सोडला. आबांनी वळून विचारलं, "झालं?" मी "झालं" म्हणाले. चहा घेऊन जा म्हणाले, मी घेतला नाही.

दोन दिवस फाइल माझ्या टेबलावर पडून होती. शाखाप्रमुख येता-जाता म्हणायचे, "फोटोत बिल्ला दिसतोय ना? मग कशाला घोळ घालता? आबांचं प्रकरण आहे." त्याच आठवड्यात माझी मुंबईच्या एका पुनर्विमा कंपनीत निवड झाली होती. महिनाभरात सुटायचं होतं, फाइल पुढच्या माणसावर टाकली असती तरी कोणी विचारलं नसतं. मला आबांची दया येत होती आणि त्याहून जास्त राग येत होता. म्हातारीच्या वेळी ज्या ओळीसाठी मला रडवलं, तीच ओळ त्यांनी स्वतः लिहिली होती. शेवटी मी नामंजुरीचं पत्र काढलं. लबाडीचा शब्द लिहिला नाही. 'ओळखचिन्ह जनावराच्या कानात योग्य स्थितीत आढळले नाही', एवढंच.

हल्ली मुंबईत मी ज्या खुर्चीवर बसते तिथं एकेका ओळीत हजारो बैल असतात. पडद्यावर तालुके रंगानं दिसतात. नकार द्यायचा तर तीन कळा दाबल्या की जातो, कुणाला गेला ते कळत नाही. पगार चांगला आहे, मी तक्रार करत नाही. आबांच्या दुसऱ्या जीपचा ड्रायव्हर मी झाले आहे, एवढंच कधी कधी मनात येतं.

नामंजुरीचं पत्र काढलं त्या दिवशी ते खिशात घालून मी आबांच्या ओट्यावर जाऊन बसले. आबांच्या बायकोनं, काकूंनी, खुर्ची पुढं केली, मी नको म्हणाले. ते बघूनच आबा समजले असणार, कारण त्यांनी हातातली दोरी खाली ठेवली. मी छापील वाक्य वाचलं. मग म्हणाले, "आबा, बइल गया त्यानं वाईट वाटस. पन बिल्ला कानमा घट नई व्हता. म्हनीसन दावा मंजूर व्हनार नई."

आबांनी मान वळवली. काकू तांब्या घेऊन आल्या, तर आबांनी हात वर करून त्यांना दारातच थांबवलं. काकू थांबल्या, पण गप्प राहिल्या नाहीत. "इतला वरीस लोकेसले सांगं, काढू नका, काढू नका. आन यंदा सोताच कातर लिधी. म्हने, एक पोया तं मन्हा बइलले मोकया कानघाई फिरू दे." मग आवाज बारीक करून म्हणाल्या, "जोडी फुटनी, त्यानं मनले लागी गयं वं माय. म्हनीसन तसं लिखं."

गोठ्यात उजवीकडचा बैल उभा होता, डावीकडची दावण रिकामी. ऊन ओट्याच्या कडेवरून अंगणात उतरलं. माझे पाय मुंग्यांनी बधिर झाले. उठून जावंसं फार वाटत होतं. पाणी नव्हतं आणि "चालता हो"ही नव्हतं, म्हणून मी बसून राहिले.

मग आबांनी विचारलं, "गोंडा उचला व्हता?"

"उचला व्हता, आबा."

"हात लाईसन?"

"हात लाईसन."

त्यांनी मान हलवली. मग हात पुढं करून अर्ज मागितला, पत्र नव्हे. मी फाइलमधून काढून दिला. खिशात पेन नव्हतं, माझं घेतलं. 'बिल्ला कानात आहे' या ओळीवर सरळ रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'बिल्ला मी काढला.' मग न मागता पत्राची प्रत ओढून घेतली आणि तिच्यावर सही केली. पूर्ण नावानं. पगारपत्रक नि पॉलिसी सोडली तर ते नाव मी पहिल्यांदाच पाहत होते. मग उठले, काकूंच्या हातातून तांब्या घेतला आणि स्वतः माझ्यापुढं धरला.

मी पाणी प्यायले. बाहेर आले, गाडीच्या सीटवर प्रत ठेवली आणि सहीच्या खाली लिहिलं, 'ऐकलं. सही आहे. पाणी दिलं.'